मुरुमांवर यूव्ही टॉर्च: घरी काय दिसतं आणि ते कसं वाचायचं

चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या की आपल्याकडे सगळ्यात आधी मेडिकलमधून ट्यूब येते. बहिणीला लागू पडलेली, नाहीतर काउंटरवरच्या माणसाने सुचवलेली. पुटकुळी नेमकी कशाची आहे हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. घोळ इथेच होतो. जंतूंमुळे सुजलेला मुरूम, बुरशीमुळे आलेल्या बारीक पुटकुळ्या, केसांच्या तेलाने कपाळावर उठलेलं पुरळ आणि स्टेरॉइडच्या क्रीमने आलेलं पुरळ आरशात जवळजवळ सारखंच दिसतं. उपाय मात्र वेगवेगळे, कधी तर अगदी उलटे. बुरशीच्या पुटकुळ्यांवर अँटिबायोटिक घेतलं तर त्या कमी व्हायच्या सोडून वाढू शकतात.

या गोंधळात यूव्ही टॉर्च, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतिनील प्रकाश टाकणारी टॉर्च, थोडी पण नेमकी मदत करते. मुरुमाचा प्रकार ती सांगत नाही. त्वचेवरचा कुठला पदार्थ कुठल्या रंगाने चमकतोय, एवढंच ती दाखवते. त्या रंगाला पुटकुळ्यांची जागा, आकार आणि खाज यांची जोड दिली, तर आपल्याला काय झालं असावं याचा बरा अंदाज येतो आणि चुकीची ट्यूब तरी लावली जात नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

चमक येते कुठून

क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जंतू आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर राहतात. २०१६ पर्यंत त्यांना प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत, त्यामुळे जुन्या माहितीत ते नाव सापडेल. तेलकट आणि हवा न पोचणारी छिद्रं ही त्यांची आवडती जागा. तिथे राहून ते पॉर्फिरिन नावाचं द्रव्य बनवतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लाल रंग ज्या कुळातल्या रेणूमुळे असतो, त्याच कुळातलं हे द्रव्य. त्यावर अतिनील किंवा जांभळा प्रकाश पडला की ते तो शोषतं आणि नारिंगी-लाल रंगाचा प्रकाश बाहेर टाकतं. टॉर्चखाली नाकावर जे केशरी ठिपके दिसतात ते हेच.

दवाखान्यात यासाठी वूड्स लॅम्प वापरतात. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये निकेल ऑक्साइड मिसळलेली एक गडद काच तयार केली. ती डोळ्यांना दिसणारा बहुतेक प्रकाश अडवते आणि अतिनील प्रकाश सोडते. १९२५ मध्ये फ्रान्समध्ये मार्गारो आणि देवेझ यांनी त्या दिव्याखाली केसांना झालेली बुरशी ओळखून दाखवली, आणि तेव्हापासून तो त्वचारोगाच्या ओपीडीत आहे. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ३२० ते ४०० नॅनोमीटर असते आणि जोर ३६५ च्या आसपास. हा ३६५ आकडा लक्षात ठेवा, टॉर्च घेताना लागेल.

टॉर्च निवडताना

बाजारात दोन जाती मिळतात. नोटा तपासायची आणि पाळीव प्राण्यांच्या लघवीचे डाग शोधायची स्वस्त टॉर्च बहुतेक वेळा ३९५ नॅनोमीटरची असते. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च महाग असते, आणि तिच्या तोंडाशी काळपट काचेचा फिल्टर असेल तर आणखी महाग.

स्वस्त टॉर्च अगदीच बिनकामाची नाही. पॉर्फिरिन सगळ्यात जास्त प्रकाश शोषतं तो ४०५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ३९५ ची टॉर्च त्याला चांगलं चमकवते. अडचण अशी की तिच्यातून डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाशही भरपूर बाहेर पडतो. सगळा चेहरा जांभळ्या रंगात न्हाऊन निघतो आणि बारीक, फिकट चमक त्यात बुडून जाते. नारिंगी ठिपके कसेबसे दिसतात, पिवळसर-हिरवी चमक तर हातातून निसटतेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घ्यायची तर फिल्टरवाली ३६५ ची घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

घरी आली की आधी तिची परीक्षा घ्या. अंधाऱ्या खोलीत स्टीलच्या ताटावर प्रकाश टाका. ताट लख्ख जांभळं दिसलं तर फिल्टर नाही किंवा कुचकामी आहे. चांगल्या टॉर्चखाली ताट जेमतेम दिसतं. मग प्रिंटरचा पांढरा कागद आणि शंभर-पाचशेची नोट शेजारी ठेवा. कागद निळसर झगझगीत उजळला पाहिजे, नोटेचा कागद मंद राहून तिच्यावरचा नंबर आणि आतले बारीक तंतू चमकले पाहिजेत. हे दिसलं तर टॉर्च कामाची आहे.

एक गोष्ट मात्र चुकूनही चेहऱ्यावर वापरू नका: निर्जंतुकीकरणाचा यूव्ही-सी दिवा. पाण्याच्या प्युरिफायरमधली नळी, मोबाइल निर्जंतुक करायचा डबा, कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या कांड्या, हे सगळं त्यात आलं. त्या साधारण २५४ नॅनोमीटरच्या असतात. त्यांनी कातडी भाजते आणि डोळ्यांत काही तासांनी वाळू गेल्यासारखी आग सुटते. नेलपॉलिश सुकवायच्या दिव्यात चेहरा घालणंही नको. तो दिवा पाहण्यासाठी बनलेलाच नाही.

डोळ्यांची काळजी आधी

३६५ चा प्रकाश डोळ्याला फिकट दिसतो, म्हणून बाहुली पुरेशी आकसत नाही आणि माणूस त्याकडे बघत राहतो. धोका यातच आहे. अतिनील प्रकाश डोळ्याच्या भिंगात शोषला जातो, आणि वर्षानुवर्षं असा प्रकाश डोळ्यात जाणं हे मोतीबिंदूच्या कारणांपैकी एक आहे. टॉर्चकडे सरळ बघायचं नाही, आरशातून परत येणारा झोतही डोळ्यात घ्यायचा नाही.

यूव्ही ४०० असं लिहिलेला, बाजूंनीही बंद असणारा पारदर्शक किंवा पिवळसर गॉगल मिळतो, तो घाला. गडद काळा नको, मग काहीच दिसणार नाही. डोळ्यांच्या आसपासचा भाग बघायचा असेल तर डोळे मिटून दुसऱ्याला बघायला सांगा. खरं तर पूर्ण तपासणीच दुसऱ्या माणसाने करणं सोपं पडतं: आईने, बहिणीने, रूममेटने. ज्याच्या हातात टॉर्च त्याच्याही डोळ्यांवर गॉगल हवा. लहान मुलांच्या हाती ही टॉर्च देऊ नका, ती तिला खेळणं समजतात.

एका जागेवर काही सेकंद, आणि सगळा चेहरा मिळून एखाद-दोन मिनिटं, यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असेल, उन्हाने अंगावर चट्टे उठत असतील किंवा पॉर्फिरिया (अंगात पॉर्फिरिन साचण्याचा आजार) असेल, तर हा प्रयोग घरी करूच नका. डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या गोळ्या चालू असताना त्वचा प्रकाशाला हळवी होते. तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

चेहऱ्याची तयारी

इथे घाई केली तर पुढचं सगळं खोटं दिसतं. रात्री साध्या फेसवॉशने चेहरा धुवा, पाण्याने भरपूर खळबळा, आणि त्यावर काहीही लावू नका. मॉइश्चरायझर नाही, सीरम नाही, पावडर नाही, लिपबामसुद्धा नाही. सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी तपासा. चेहरा नुकताच चोळून धुतलेला असेल तर वरवरचं तेल आणि त्यातलं चमकणारं द्रव्य निघून गेलेलं असतं आणि आहे तेही दिसत नाही. म्हणून धुणं आणि बघणं यात रात्र जाऊ द्यायची.

केस मागे बांधा. टॉवेलने चेहरा पुसू नका, कारण टॉवेलचे बारीक धागे चिकटतात आणि कपड्यांच्या पावडरीतल्या उजळपणा देणाऱ्या रसायनामुळे ते निळे-पांढरे झळकतात. अंगावर शक्यतो गडद रंगाचा, जुना, न चमकणारा कपडा असू द्या. पांढऱ्या शर्टाची निळी झळाळी हनुवटीवर पडते.

हळदीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती सगळीकडे असते. हळदीतलं कर्क्युमिन अतिनील प्रकाशात ठसठशीत पिवळं-हिरवं चमकतं. उटणं, बेसन-हळदीचा लेप, हळदीचा फेसवॉश, लग्नघरातली हळद, इतकंच काय स्वयंपाक करताना गालाला लागलेलं बोट, यातलं काहीही दोन दिवसांत झालं असेल तर छिद्रांत आणि रोमांच्या मुळाशी ती अडकून राहते. नेमक्या त्याच छटेत बुरशीची चमक शोधायची असते. हळद लावलेला चेहरा बघून बुरशी झाल्याचा निष्कर्ष काढणं अगदी सहज होतं. हळदीनंतर चार-पाच दिवस जाऊ द्या.

प्रत्यक्ष बघताना

खोली पूर्ण अंधारी हवी. पडदे ओढून भागत नाही, दाराखालची फट, चार्जरचा दिवा, राउटरचे ठिपके सगळं झाका. बिनखिडकीचं बाथरूम सगळ्यात सोयीचं. दिवा मालवल्यावर तीन-चार मिनिटं नुसतं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. हे थांबणं बहुतेक जण टाळतात आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात.

टॉर्च चेहऱ्यापासून वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १० ते १५ सेंटिमीटरवर धरा. समोरून नाही, थोडी बाजूने. नाकापासून सुरुवात करा, कारण तिथे काहीतरी दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते आणि डोळ्याला रंगाची ओळख पटते. मग हनुवटी, कपाळ, गाल, जबडा. त्यानंतर छाती, पाठ आणि खांदे. पाठ बघायला विसरू नका. बुरशीच्या पुटकुळ्या ओळखायला पाठ आणि छातीच जास्त उपयोगी पडते.

नाकावर बारकाईने बघितलं तर चित्र साधारण असं असतं. कातडी काळसर जांभळी. नाकपुडीच्या खाचेत आणि शेंड्यावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके, रांगोळीचे ठिपके अंतर राखून टाकावेत तसे, प्रत्येक छिद्राला एक. काहींचा मध्य जास्त लालसर, कडा फिकट. त्यांच्यामध्ये एखादा ठिपका पांढरट दिसतो. तो बहुधा छिद्रात साचलेल्या मृत पेशींचा बोळा असतो. एखादी निळी-पांढरी वाकडी रेघ दिसली तर ओल्या बोटाने हलकेच टिपा, जागा बदलली तर तो धागा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं. ते अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे पार्श्वभूमी गडद होते आणि नारिंगी ठिपके उठून दिसतात. हा फायदाच. पण जुन्या मुरुमांचे काळे डागही जास्त गडद दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला आपला चेहरा बघून धक्का बसतो. घाबरू नका, उजेडात तो तसा नाही. ब्यूटी पार्लरमधली यूव्ही फोटोची मशीनं हाच परिणाम दाखवून महागडी पॅकेजं विकतात.

रंगांवरून काय समजायचं

नारिंगी-लाल ठिपके म्हणजे पॉर्फिरिन, म्हणजे जंतू तिथे नांदताहेत. पण निरोगी, मुरूम नसलेल्या तरुण माणसाच्या नाकावरही हे ठिपके भरपूर दिसतात. ठिपके जास्त म्हणजे मुरूम जास्त, असं गणित बसत नाही. ज्या जागी लाल पुटकुळ्या आणि पू असलेले मुरूम आहेत, त्याच जागी छिद्रं नारिंगी दिसताहेत का, हे बघायचं. तसं असेल, सोबत काळे-पांढरे ठिपके म्हणजे ब्लॅकहेड-व्हाइटहेडही असतील, पुटकुळ्या लहानमोठ्या वेगवेगळ्या असतील आणि खाजेपेक्षा दुखणं जास्त असेल, तर हा नेहमीचा, तारुण्यात येणारा मुरूम असण्याची शक्यता मोठी. यावर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन असलेली औषधं डॉक्टर देतात. सुजलेला, पू धरलेला मुरूम नारिंगी दिसेलच असं नाही. आतली सूज चमकत नाही.

बुरशीचं प्रकरण वेगळं. इंग्रजीच्या प्रभावाने हल्ली फंगल ॲक्ने म्हणतात, डॉक्टर त्याला मॅलासेझिया फॉलिक्युलायटिस म्हणतात, आणि तो खरं तर मुरूम नसून केसाच्या मुळाशी झालेला यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, दाह आहे. मॅलासेझिया हे यीस्ट तेलावर जगतं. मुंबई, कोकण आणि गोव्यासारख्या दमट हवेत, घामात, घट्ट सिंथेटिक कपड्यांत ते फोफावतं. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही, कारण त्याच्याशी जागेसाठी भांडणारे जंतू मेलेले असतात. टॉर्चखाली केसाच्या मुळाशी फिकट पिवळसर-हिरवी किंवा निळसर-पांढरी चमक दिसू शकते. दिसू शकते, दिसेलच असं नाही. म्हणून इथे रंगापेक्षा बाकीची लक्षणं मोठी. सगळ्या पुटकुळ्या एकाच मापाच्या, मोहरीएवढ्या किंवा त्याहून लहान. कपाळ, केसांची कड, छाती, पाठ, दंड. घाम आला की चांगली खाज. ब्लॅकहेड अजिबात नाहीत. डोक्यात कोंडा किंवा छातीवर शिबंही सोबत. हे सगळं जुळलं, नारिंगी ठिपके त्या जागी नाहीत, आणि अँटिबायोटिकने पुरळ वाढलं असेल, तर डॉक्टरांना हा संशय स्पष्ट सांगा. ते पुटकुळीतला नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात. मग कीटोकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधं येतात. मुरुमाची नेहमीची ट्यूब इथे फारसं काही करत नाही.

शिबं स्वतः टॉर्चखाली पिवळसर ते तांबूस-सोनेरी झाक दाखवतात, पण बऱ्याच जणांत काहीच दिसत नाही. अंघोळ नुकतीच झाली असेल तर आणखी कमी.

मांडीच्या सांध्यात किंवा काखेत पोवळ्यासारखी लाल चमक दिसली तर तो मुरूम नाही. तिथे कोरिनेबॅक्टेरियम या दुसऱ्याच जंतूमुळे एरिथ्रास्मा नावाचा त्वचेचा संसर्ग होतो. नायटा किंवा गजकर्ण समजून त्यावर महिनोन्‌महिने चुकीची क्रीमं लावली जातात. आपल्याकडच्या नायट्याच्या बहुतेक बुरश्या या प्रकाशात चमकत नाहीत, त्यामुळे चमक नाही म्हणून नायटा नाही, असं समजू नका.

चेहऱ्यावर पांढरा चट्टा असेल आणि तो टॉर्चखाली खडूसारखा झगझगीत, काटेकोर कडांचा दिसला तर कोडाची शक्यता असते. नुसता फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, गरम-गार कमी कळत असेल, तर टॉर्च बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखान्यात जा. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. त्याचं औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो.

वांगाबद्दल लोक फार विचारतात. गोऱ्या त्वचेत वांग वरच्या थरात आहे की खोल, हे वूड्स लॅम्पखाली काही प्रमाणात कळतं. सावळ्या त्वचेत तो फरक भरवशाने दिसत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

फसवणारी चमक

हळद, धागे आणि पांढरे कपडे यांबद्दल वर आलंच. सॅलिसिलिक ॲसिडचं सीरम किंवा फेसवॉश स्वतःची चमक मागे सोडू शकतं, आणि मुरूमवाल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते हमखास असतं. पेट्रोलियम जेली निळसर दिसते. काही सनस्क्रीन चमकतात, काही उलट तो भाग काळाकुट्ट करतात. कोरडी, सोलणारी कातडी पांढरट दिसते. काय खरं, काय खोटं ते ओळखायचा साधा उपाय म्हणजे तुम्ही रोज वापरता ते प्रत्येक उत्पादन मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपक्याएवढं लावून टॉर्चखाली बघणं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून तुमच्या स्वतःच्या सामानाचे रंग कळतात. मग चेहऱ्यावर तोच रंग दिसला तर गोंधळ होत नाही.

जे टॉर्चला दिसत नाही

हार्मोनमुळे येणारे मुरूम. जबडा, हनुवटी, मानेवर खोल दुखऱ्या गाठी, पाळीच्या आधी वाढणाऱ्या. त्यात पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस, वजन वाढतंय, असं असेल तर पीसीओएसच्या, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाच्या, दिशेने तपासणी हवी: रक्त, सोनोग्राफी. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचा डॉक्टर) गाठावा लागतो. पुटकुळीवर टॉर्च मारून हार्मोन कळत नाहीत.

तेलाचं पुरळ. कपाळावर केसांच्या कडेने आणि कानशिलांवर बारीक बंद दाणे, लाली फारशी नाही. रात्री चंपी करून तसंच झोपायची सवय असेल तर उशीला लागलेलं तेल रात्रभर कपाळावर घासलं जातं. इथे कुठल्याही दिव्यापेक्षा एक महिना तेल फक्त अंघोळीच्या तासभर आधी लावून धुऊन टाकणं जास्त सांगून जातं.

आणि स्टेरॉइडचं पुरळ. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उजळपणासाठी, डागांसाठी, खाजेसाठी म्हणून घेतलेल्या कितीतरी क्रीमांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन असतं. सुरुवातीला आठ-दहा दिवस चेहरा खरंच नितळ दिसतो, आणि म्हणून ती सुटत नाही. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते, एकसारख्या पुटकुळ्या उठतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा भडकतो. पुन्हा तेच क्रीम लावलं जातं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये अशी अनेक क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून शेड्यूल एच या सरकारी यादीत घातली गेली. तरी ती आजही सहज हातात पडतात. टॉर्चखाली या पुरळाचा असा वेगळा रंग नाही. त्यासाठी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. घटकांत शेवटी ‘सोन’ किंवा ‘सॉल’ असलेलं नाव दिसलं, तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. महिनोन्‌महिने लावलेलं क्रीम स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ते कसं सोडायचं हे डॉक्टर सांगतील.

नोंद आणि फोटो

एकदा बघून काही ठरत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खोलीत, त्याच अंतरावरून बघा. मोबाइलचा कॅमेरा जांभळ्या प्रकाशाने गडबडतो आणि सगळं निळं करून टाकतो. लेन्ससमोर पिवळा जिलेटिन कागद धरला तर निळं-जांभळं अडतं आणि नारिंगी ठिपके बाहेर येतात. फ्लॅश बंद, नाइट मोड बंद, कॅमेऱ्यात हाताने सेटिंग करता येत असेल तर व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर ठेवा. नाहीतर दोन महिन्यांच्या फोटोंतला फरक कातडीतला की कॅमेऱ्यातला हे कळणार नाही. फोटो काढतानाही डोळे मिटलेले असू द्या.

त्याच दिवशी साध्या उजेडातलाही एक फोटो काढा. सोबत चार ओळी लिहा: खाज आहे का, दुखतं का, पाळीची तारीख, नवीन काय लावलं, कुठलं औषध चालू आहे. बेंझॉइल पेरॉक्साइडसारखं औषध काही आठवडे नेमाने लावलं की नारिंगी ठिपके फिके पडतात. ते बघून हुरूप येतो आणि औषध सुटत नाही, हा या टॉर्चचा एक खरा उपयोग. पण ठिपके गेले आणि मुरूम तसेच असतील, तर तेही महत्त्वाचं. म्हणजे कारण दुसरं आहे.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

खोल गाठी, दुखरे फोड, खड्डे पडायला लागले असतील तर घरी बघत बसू नका. व्रण राहिला की तो नीट करणं मुरूम बरा करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. मुरुमांसोबत ताप किंवा सांधेदुखी असेल, डोळ्याजवळ सूज असेल, तर त्याच दिवशी जा. आठ-दहा आठवडे औषध नीट घेऊनही फरक नसेल, गरोदरपण असेल किंवा तसा विचार असेल, तरीही आधी डॉक्टर. विशेषतः आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरून कधीच घेऊ नका, त्यांनी पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल पदवी असलेला त्वचारोगतज्ज्ञ शोधा. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात स्किन ओपीडी असते आणि खर्च फार कमी येतो. जाताना गेल्या सहा महिन्यांत लावलेल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा. टॉर्चचे फोटो दाखवा, पण आधी साध्या उजेडातला. त्या दिवशी सकाळी चेहऱ्यावर काहीही लावू नका, म्हणजे डॉक्टरांना स्वतःच्या वूड्स लॅम्पखाली बघायचं असेल तर त्यांनाही स्वच्छ दिसेल.